कातड्याची वेणी

हुपरी म्हणजे चांदीचे गाव. आपल्या सोप्यातून, अंगणातून दुपारच्या वेळी बाया पैंजणाच्या कड्या जोडीत बसलेल्या दिसतात आणि बाहेरगावचा पाहुणा ते पाहून कौतुक करतो. परंतु भगिनींनो, पूर्वी सोनाराच्या भट्टीला ज्या भात्याने वारा मिळे तो भाता कशाचा होता, याचा विचार आपल्यापैकी किती जणींनी केला असेल? तो कातड्याचा होता. सोनार असो वा लोहार, विस्तव फुलवायचा तर भात्यावाचून त्याचे पान हलत नसे. विहिरीवरची मोट कातड्याची, मोटेची सोंड कातड्याची, पाण्याची पखाल कातड्याची, तेलाचे बुधले कातड्याचे, बैलाचा आसूड आणि घोड्याचे खोगीर तेही कातड्याचेच. पंप व इंजिने आली आणि मोट गेली, पत्र्याचे डबे आले आणि बुधले गेले. उरले ते पायताण. ते मात्र असे उरले की आपल्या जिल्ह्याचे नाव त्याने साऱ्या जगात नेले.

या कामाची हत्यारे व रीत, आणि त्यात बाईचा हात किती, हे चार शब्दांत लिहावे असे मनात होते. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा पंडिती लेखाची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे ऐकले, वाचले व डोळ्यांनी पाहिले तेवढेच येथे देते.

जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी चांभार हा एक. ढोर समाज कातडी कमावी व चांभार समाज त्यांची पायताणे शिवी. गावाने त्यांच्याकडून मोट घ्यावी, पायताण घ्यावे, आणि घर मात्र त्यांचे गावाबाहेर ठेवावे, असा तो न्याय होता. मोटेतून आलेले पाणी पिकाला चाले, त्याच पाण्याचा घडा मोट शिवणाऱ्याने शिवलेला चालत नसे. आज हे लिहितानाही हात अडखळतो. पण ते वगळून चामड्याच्या कामाचा इतिहास सांगणे म्हणजे पैंजण दाखवायचे आणि पाय झाकायचा, असे होईल.

आता कातडी कमावणे म्हणजे काय ते पाहू. कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते, वाळवले तर पत्र्यासारखे कडक होते. म्हणून ते आधी चुन्याच्या पाण्यात घालून केस सैल करतात व खरवडून काढतात. मग ते धुऊन बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ठेवतात. साल व हिरडा यांत जो तुरटपणा असतो (हिरडा चावून पाहिला की जीभ कशी आवळते, तोच तो) तो कातड्याच्या धाग्याधाग्यात शिरतो व त्याला कुजू देत नाही. आपल्याकडची जुनी पद्धत मोठी युक्तीची होती. कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करीत, ती उंच टांगत आणि आत सालीचा व हिरड्याचा काढा भरीत. काढा हळूहळू कातड्यातून झिरपून खाली पडे, तो गोळा करून पुन्हा वरून ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगीत, म्हणजे वरचा भागही तितकाच मुरे. लोणचे मुरवणाऱ्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशात क्रोम नावाच्या क्षाराने थोड्या दिवसांत कातडे कमावण्याची रीत निघाली. ते कातडे मऊ असते, पण पाण्यात भिजवून ठोकले तरी दिलेला आकार धरून ठेवीत नाही. सालीत कमावलेले कातडे धरते. कोल्हापुरी पायताणाचे सारे मर्म या एका गुणात आहे.

हत्यारे म्हणाल तर थोडीच, एका टोपलीत मावतील एवढी. पहिली रापी. रुंद, चपट्या पात्याची ही सुरी तळ कापते आणि पाते आडवे धरले की कातड्याची कड तासून पातळ करते. दोन पट्ट्या एकमेकींवर बसवायच्या तर कडा पातळ हव्यात, नाहीतर जोड फुगतो व पायाला रुततो. दुसरी आरी. सरळ टोकाची आरी भोक पाडते. टोकाशी खाच असलेली आरी भोकातून आत जाऊन दोरा ओढून आणते. तिसरा हातोडा व त्याच्याखाली दगड किंवा लोखंडी ऐरण. नक्षीची भोके पाडायला पोलादी पंच, आणि शेवटी पाण्याची कुंडी. संत रोहिदासांच्या चित्रात त्यांच्यापुढे जी काथवट दिसते ती हीच, कातडे भिजवण्याची. तिच्यावाचून काम पुढे सरकत नाही, कारण ओले कातडे कापायला मऊ, वळवायला मऊ, आणि वाळल्यावर जसे वळवले तसेच कायम राहते.

कोल्हापुरी पायताणाला जुन्या रीतीत खिळा नाही. तळाचे पडदे कातड्याच्याच बारीक वादीने शिवतात. आरीने भोक पाडायचे, वादी ओढून घ्यायची आणि वरून हातोड्याने ठोकायचे, म्हणजे ओले कातडे दबून भोक वादीभोवती आवळून बसते. वर दोन बाजूंना कान, मधून आडवा पट्टा, पुढे अंगठा आणि पट्ट्यावर वेणी. कापशी हा नमुना आपल्या कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाचा आहे. नव्या पायताणाला तेल पाजावे आणि पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच वापरावे, असे जुनी माणसे सांगतात. ते खरे आहे. सालीत कमावलेले कातडे घालणाऱ्याच्या पायाप्रमाणे आकार घेते, त्याला तेवढी सवड दिली पाहिजे. पहिल्याच दिवशी घालून जोतिबाचा डोंगर चढणाऱ्यांनी चपलेला दोष देऊ नये!

वेणीचे काम बाईचे. तळ कापणे, ठोकणे ही कामे बहुधा पुरुष करतात. बारीक वाद्यांची वेणी गुंफणे, पट्ट्यावर शिवणे, गोंडा लावणे ही कामे घरातल्या बाया करतात. शेळीच्या पातळ कातड्याच्या सारख्या रुंदीच्या वाद्या कापायच्या, किंचित ओलसर ठेवायच्या, आणि तीन पदरांपासून पुढे पाहिजे तितक्या पदरांची वेणी घालायची. वेणी घालणे आपल्याला काही नवीन नाही. पण केसांची वेणी सैल पडली तर पुन्हा घालता येते. येथे वादी वाळली की एक पदर सैल, एक घट्ट असा तिचा आकार कायमचा बसतो.

दोन वर्षांमागे कोल्हापुरास सुभाषनगरात एका ओळखीच्या घरी जाण्याचा योग आला. घरातल्या मावशी वेणी घालीत होत्या. मी विचारले, “मावशी, दिवसाला किती होतात?” त्या हात न थांबवता म्हणाल्या, “मोजतंय कोण बाई? चुलीवर भात हाय, नातवंडाची शाळा हाय. मधी मधी जेवढं हुतंय तेवढं.” मला आमच्या घरचे दिवस आठवले. कड्या जोडून झाल्या की माल वजन करून जातो, मजुरी ठरलेल्या दराने मिळते, आणि पेटीवर नाव दुकानाचे पडते. चांदीचे वजन काट्यावर होते, बाईच्या दुपारचे होत नाही. चांदी व चामडे यांची गावात सोयरीक नसली तरी इथे दोन्ही घरच्या बाया एकाच पाटावर बसलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. माझ्या आजीच्या पायात मी कधी पायताण पाहिले नाही. वडीलधाऱ्यांपुढून बाईने पायताण घालून जाणे त्या काळी उद्धटपणाचे मानीत. मग ज्या बायांनी हजारो जोडांच्या वेण्या घातल्या, त्यांतल्या कितीजणी स्वतः अनवाणी चालल्या असतील?

या धंद्यातील बाईचे नाव शोधू गेले तर ते कथेतच सापडते. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, बसवेश्वरांच्या अनुयायांत हरळय्या नावाचे चर्मकार शरण होते. बसवेश्वरांनी आपल्या नमस्काराला दुप्पट नमस्कार केला, हे ऋण फेडावे कसे म्हणून हरळय्या व त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी पादत्राणे केली, अशी कथा आहे. एक पाय त्याचा, एक तिचा. याच हरळय्यांचा मुलगा व ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला आणि त्यापायी राजा बिज्जळाने दोघा बापांना देहान्त शिक्षा दिली. चपलेच्या कथेमागे एवढे रक्त आहे.

आपल्याकडे या समाजाच्या बाजूने राजसत्ता उभी राहिली ती राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, १९१९ साली सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. १९२० च्या मार्चमध्ये आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावास अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः हजर होते. हुपरीहून माणगाव ते किती दूर!

हे काम जातीचे नसून हाताचे आहे हे स्वतः करून दाखवणारी माणसेही झाली. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉलस्टॉय फार्मची वसाहत सुरू झाली, तेव्हा गांधीजींचे मित्र कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात चपला करायला शिकून आले व त्यांनी ती कला गांधीजींना शिकवली. गांधीजींनी तुरुंगात असताना जनरल स्मट्स यांच्यासाठी एक जोड केला आणि १९१४ मध्ये देश सोडताना त्यांना भेट पाठवला. ज्याने तुरुंगात घातले त्यालाच चपला! स्मट्स साहेबांनी त्या वापरल्या आणि १९३९ मध्ये परत पाठवल्या. इकडे वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम काढला आणि मेलेल्या जनावराचे कातडे सोडवण्यापासूनची सर्व कामे स्वतः केली. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने हे काम करावे याचा लोकांना केवढा धक्का बसला असेल! मला मात्र वाटते, त्याहून मोठे धैर्य पिढ्यान्पिढ्या तेच काम करून वर उपेक्षा सोसणाऱ्यांचे.

अलीकडच्या काळात धंद्याला ओढ लागली आहे. प्लॅस्टिकची स्वस्त चप्पल आली. गावोगावच्या कमावण्याच्या कुंड्या ओस पडल्या आणि पुष्कळसे कातडे तामिळनाडूकडून येऊ लागले. २०१५ च्या कायद्यानंतर बैलाच्या कातड्याचीही टंचाई झाली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार असे आठ जिल्हे आहेत. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी चप्पल दोन्हीकडची आहे. अथणीस तर स्त्रियांचे बचत गट उभे राहून त्यांनी बनवलेली पायताणे परदेशी गेली.

मग जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा मूळ भारतीय असल्याचे त्यांनी मान्य केले, त्यांची माणसे कोल्हापुरास आली आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २००० जोड येथे तयार करून घ्यायचे व जोडाला ८०० युरोच्या आसपास किंमत ठेवायची, असे जाहीर झाले. नाव चोरीला गेले म्हणून आपण सारे रागावलो ते योग्यच झाले. परंतु कोल्हापूरचे नाव परत मिळाल्यावर वेणीवालीचे नाव कोणी विचारले नाही, हेही खरे.

आता मुली छंद म्हणून घरी चामड्याचे काम करू लागल्या आहेत. किल्ल्यांचे पाकीट, पैशाची पिशवी, पट्टा असे जिन्नस सहज होतात. ज्यांना करून पाहायचे त्यांनी सालीत कमावलेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचा तुकडा घ्यावा. कागदाचा बेत आधी कापावा, सुरीला धार पुष्कळ असावी. बोथट सुरी घसरते आणि बोट कापते. कडेपासून सारख्या अंतरावर रेघ आखून कंपासपेटीतल्या कर्कटकाने टाक्यांच्या खुणा कराव्यात व आरीने भोके पाडावीत. दोऱ्याला मेण लावावे. त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्ही एकाच भोकातून समोरासमोरून काढाव्यात. या टाक्याचा फायदा असा की एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. शिवणयंत्राचा टाका तुटला की दोरा सुटत जातो. शेवटी कड ओली करून गुळगुळीत लाकडाने घासली की ती चकाकते. ज्या कामाला हात लावल्याने आजीच्या काळी अंघोळ करावी लागे, ते काम आज नात हौसेने करते. तिने ते जरूर करावे, फक्त शिकायला सुभाषनगरातल्या एखाद्या मावशींकडे जावे आणि शिकवणीचे पैसे द्यावेत.

कोल्हापूरला चप्पल लाईनीत खरेदीला गेलात तर जोड आधी उलटा करून पाहा. तळाला खिळे दिसतात की वादीचे टाके, ते पाहा. वास घ्या, सालीत कमावलेल्या कातड्याचा वास मातीसारखा असतो. मग सुलटा करून वेणीवरून बोट फिरवा, पदर सारखे लागतात का बघा. आणि दुकानदाराला विचारा, “ही वेणी कुणी घातली हो?” बहुतेक वेळा तो हसेल. एखादा मात्र आत हाक मारून घरच्या बाईला बाहेर बोलावील.