टॅलिलिन : स्वयंसेवकांनी वाचविलेली रेल्वे

ब्रिटनमधील वेल्सच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून सुटी घालविणाऱ्यांना टॅलिलिन रेल्वेसाठी एक दिवस राखून ठेवता येईल. पाटीच्या दगडाची वाहतूक करण्यासाठी १८६५ मध्ये हा अरुंद मार्ग सुरू झाला. १९४६ मध्ये खाण बंद पडली. १९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स निवर्तले आणि रेल्वेचे भवितव्य धोक्यात आले. तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने रेल्वेप्रेमींनी संस्था स्थापन करून १९५१ पासून गाडी चालविली. स्वयंसेवकांनी जतन केलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. वाफेच्या इंजिनाची गाडी टविन ते नांट ग्वेर्नॉल हे सुमारे १२ किलोमीटर अंतर कापते. वाटेत डॉलगॉकला उतरून धबधबे पाहता येतात. वेळापत्रक ऋतूनुसार बदलते. ते पाहूनच निघावे.