पाणचक्की आणि शहराचे पाहुणे

औरंगाबादच्या (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) पर्यटनाचा विषय निघाला, की चर्चा अजिंठा-वेरूळपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली आणि शहर हे त्यांच्या वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण झाले. पाहुणा रात्री उतरतो, सकाळी वेरूळला जातो, वाटेत दौलताबाद पाहतो, परतताना बीबी का मकबरा. आणि वेळ उरलाच तर पाणचक्की. आम्हाला लिहायचे आहे ते या 'वेळ उरलाच तर'विषयी. कारण पाहुण्याला थांबवून ठेवील, विचार करायला लावील, असे काही या शहराने स्वतःच्या कल्पकतेने घडवले असेल, तर ते पाणचक्कीच. आणि ती काही पर्यटकांसाठी घडवलेली नव्हती.

गोष्ट मलिक अंबरपासून सांगावी लागते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जात बगदादमार्गे दख्खनेत आलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे राजधानीचे गाव वसवले. तेच पुढे त्याच्या मुलाच्या नावाने फतेहनगर आणि औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झाले. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पण अंबरचे खरे काम जमिनीच्या पोटात आहे. खाम नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडे मुरणारे पाणी भुयारी नहरीत गोळा करायचे, अगदी हलका उतार देऊन ते शहराकडे आणायचे, हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवायची. ना मोट, ना बैल. ही नहर-ए-अंबरी. तिच्या मागोमाग याच शहरात इतर नहरी झाल्या, आणि त्यांतलीच एक पाणचक्कीची.

बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानहून आलेले दोन नक्शबंदी बुजुर्ग इथे दफन आहेत. थोरले बाबा शाह पलंगपोश. मराठी कानाला हे नाव पलंगावरच्या चादरीसारखे ऐकू येते आणि काही गाईड तसा विनोदही करतात. पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या, आणि पलंगपोश म्हणजे बिबट्याचे कातडे पांघरणारा. हे बाबा मोगल सरदार गाजीउद्दीन खान फिरोजजंग याच्या फौजेबरोबर फिरत. त्यांचे मुरीद बाबा शाह मुसाफिर मात्र खाम नदीच्या काठी तकिया करून स्थिरावले. मुसाफिर नावाचा माणूस एका जागी बसला आणि सारे मुसाफिर त्याच्याकडे येऊ लागले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी दोन्ही बुजुर्गांच्या आठवणी 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी या अभ्यासकाने २००१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात बादशाहांच्या तारखा कमी आणि माणसे जास्त आहेत: पगार थकलेले सैनिक, व्यापारी, भटके दरवेश, मध्य आशियातून नशीब काढायला आलेले तुराणी. औरंगजेबाच्या काळातल्या दख्खनचा असा खालून पाहिलेला इतिहास आम्हाला दुसरीकडे क्वचितच मिळाला.

इतकी माणसे येणार, तर त्यांना भाकर-रोटी हवी. रोटीला पीठ हवे. हाताने दळून ते पुरणार कसे? या साध्या अडचणीतून पाणचक्की जन्मली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुर्कताज खान, जमील बेग खान अशा सरदारांच्या मदतीने नहर, चक्की, हौद आणि कारंजी उभी राहिली. काही मैलांवरून जमिनीखालून खापराच्या नळांतून आलेले पाणी शेवटी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून धबधब्यासारखे खाली कोसळते. त्याच्या माऱ्याने पाती फिरतात, पात्यांबरोबर जाते फिरते. दळून झालेले पाणी वाया जात नाही. ते मशिदीसमोरच्या लांबट हौदात जाते. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर पाणी आणि खाली सावली! मुसाफिरांना टेकायला यापेक्षा थंड जागा कोणती? एकाच पाण्याने पीठ दळले, वजूला साथ दिली, डोळ्यांना सुख दिले आणि छत गार ठेवले. अलीकडे शहरांत कोट्यवधी खर्चून 'आकर्षणे' उभारतात. त्यांत इतकी कामे एकदम करणारे आम्ही तरी पाहिलेले नाही.

मकबऱ्याचे दुखणे वेगळे आहे. 'दख्खनचा ताज' हे बिरुद चिकटल्यापासून पाहुणा तिथे तुलना करायलाच येतो आणि ताज नाही म्हणून नाक मुरडून जातो. प्रवेशद्वाराच्या कवाडावर अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावे कोरलेली आहेत. एक वास्तुकार, दुसरा काम तडीस नेणारा अभियंता. एका मोगल बेगमेच्या कबरीवर एक मुसलमान आणि एक हिंदू कारागीर शेजारी शेजारी उभे आहेत. तिकीट काढून आत गेलेल्यांपैकी कितीजण ते दार थांबून वाचतात? वाचायला सांगणाराच तिथे कोणी नसतो.

या भागात पाहुण्यांची व्यवस्था पहिल्यांदा नीट लागली ती निजाम सरकारच्या काळात. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वे आली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानींनी अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले. बौद्ध लेण्यांसाठी एका मुस्लिम संस्थानाने घेतलेली ही मेहनत आमच्या शाळकरी मुलांना कोणी शिकवत नाही. पण त्याही व्यवस्थेत शहर मागे आणि लेणी पुढे, हे ठरून गेले. पुढच्या सरकारांनी तेच चालू ठेवले.

अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जातून भव्य पर्यटक केंद्र बांधले. लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, सभागृह, सारे काही. २०१३ मध्ये ते सुरू झाले आणि काही वर्षांतच पाण्याची व विजेची बिले थकली म्हणून बंद पडले. पाण्याचे बिल! बैलाशिवाय मैलोगणती पाणी आणणाऱ्यांच्या मुलखात पाहुण्यांचे केंद्र पाण्यावाचून अडले. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात खुद्द शहरात पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे निघाले.

बुऱ्हाणपूरकडे पाहावे. मलिक अंबरचा रणांगणावरचा प्रतिस्पर्धी अब्दुर्रहीम खान-ए-खानान त्या शहराचा सुभेदार. दोघे एकमेकांचे सैन्य कापत होते आणि त्याच दशकात दोघांच्या शहरांत जमिनीखाली सारखीच नहर खोदली जात होती! १६१५ च्या सुमाराची बुऱ्हाणपूरची 'कुंडी भंडारा' ही भुयारी व्यवस्था. तिथे पाहुण्याला खाली उतरता यावे म्हणून लिफ्ट बसवली गेली. माणूस जमिनीखाली जातो, भिंतीतून झिरपणारे पाणी हाताला लागते, आणि मग त्याला कोणी इतिहास समजावून सांगावा लागत नाही. २०२४ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. अहमदाबादने तर काहीच बांधले नाही. १९९७ मध्ये महापालिकेने कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून चालत जाणारी वारसा फेरी सुरू केली. २०१७ मध्ये ते भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. मधल्या काळात, २००२ मध्ये, त्या शहराने जे पाहिले ते आम्ही विसरलेलो नाही, आणि एका फेरीने ते पुसले जाते असेही आमचे म्हणणे नाही. पण मंदिर ते मशीद ही वाट सकाळी चालली जाते, हेही खरे.

आमच्याकडे काय होते? २०२५ च्या मार्चमध्ये खुलदाबादचे नाव देशभर गाजले ते औरंगजेबाच्या कबरीवरून. त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे. वेरूळच्या बसगाड्या जवळून जातात, थांबत नाहीत. इतिहास केवळ बादशाहांच्या कबरींनी सांगायचा ठरवला, तर भांडण कबरींवरच होणार, आणि त्या भांडणात चहावाल्यापासून हिमरू विणणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा धंदा बसणार. नहरीचे पाणी मात्र सगळ्याच वस्त्यांनी प्यायले आहे.

दोष परक्यांचाच आहे असे नाही. पाणचक्की ही वक्फची जागा. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही तिथेच. आमच्यातल्या काहींना दर्ग्यात पर्यटक नकोसे वाटतात. अदब सांभाळली जावी हे रास्तच. पण मुसाफिराला जागा देण्यासाठीच जो तकिया उभा राहिला, तिथे पाहुण्याला परका मानायचे कसे? उलट दुसऱ्या टोकाला नुसती दुकानदारी आणि मनाला येईल ते सांगणारे गाईड. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम हाती घेतले, तर त्यांना रोजगार आणि पाहुण्याला खरी माहिती, दोन्ही होईल.

करण्यासारखे फार मोठे नाही. नहरीची बुजलेली तोंडे शोधून साफ करावीत आणि त्यांच्या वरून पाणचक्कीपर्यंत चालत यायची वाट आखावी. मकबऱ्याच्या दाराशी अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे मराठी-उर्दूत लिहावीत. आणि पाणचक्कीचे जाते, जे आता पाणी असेल तेव्हा पाहुण्यांना दाखवण्यापुरते फिरते, त्यात आठवड्यातून एक दिवस खरेच धान्य टाकावे. त्या पिठाचे नान शेजारच्या भट्टीत लावावेत, बरोबर खलिया असावा, आणि हौदाखालच्या त्या थंड दालनात, जो येईल त्याला वाढावे.