पावसाच्या आवाजाखालचा ‘मी’

घरच्या घरी सब्लिमिनल, म्हणजे जाणिवेला चुकवून मनात वाक्यं उतरवू पाहणारा, ट्रॅक करण्याची कृती आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मोबाइलवर आपल्याच आवाजात वाक्यं बोलायची : मला शांत झोप लागते, मला परीक्षेची भीती वाटत नाही. ती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, शेजारच्या ट्रॅकवर पाऊस किंवा बासरी टाकायची आणि शब्द कळेनासे होईपर्यंत बोलण्याचा आवाज उतरवत न्यायचा.

या कलेचं मूळ विचारलं की बहुतेक जण जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाकडे बोट दाखवतात. 1957 साली त्याने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथल्या सिनेमागृहात दर 5 सेकंदांनी, सेकंदाच्या 3000व्या भागापुरता, ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ असा मजकूर आपण पडद्यावर चमकवला आणि विक्री उसळली. 1962 साली ही सगळी जाहिरातबाजी असल्याचं त्यानेच कबूल केलं. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण या घराण्याचा मूळपुरुष व्हिकरी नव्हे, असं माझं ठाम मत आहे. पुरावा व्याकरणातच आहे. व्हिकरी आज्ञार्थात बोलतो : खा, प्या. घरचे ट्रॅक करणारे प्रथमपुरुषात बोलतात. हा ‘मी’ आला कुठून?

त्याचा माग पहिल्यांदा लागतो तो दुकानात. 1970च्या दशकाच्या अखेरीस हॅल बेकर याने अमेरिकेतल्या दुकानांसाठी एक ‘काळी पेटी’ बनवली. दुकानात जे मंद संगीत चालू असतं, त्याच्या तळाशी ही पेटी कुजबुज मिसळायची : मी प्रामाणिक आहे, मी चोरी करणार नाही. 1979 साली ‘टाइम’ साप्ताहिकाने तिच्यावर लिहिलं, तेव्हा हे वाक्य तासाला 9000 वेळा वाजतं असं त्यात नमूद होतं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला द्यायचा इशारा ‘चोरी करू नका’ असाच असायला हवा. तो सोडून बेकर गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘मी’ घालतो. जाहिरातवाल्यांची ही रीतच नाही. तिचा उगम मला निजायच्या खोलीत दिसतो.

न्यूयॉर्कच्या अलोइस सॅलिगरने 1927 साली ‘सायको-फोन’ काढला. फोनोग्राफला घड्याळ जोडलेलं. माणूस झोपला की ठरल्या वेळी यंत्र आपोआप सुरू व्हायचं आणि तीच तबकडी पुन्हा पुन्हा वाजवायचं. पैसा, दीर्घायुष्य, विवाह अशा एकेका इच्छेसाठी वेगळी ध्वनिमुद्रिका होती आणि बोलणं प्रथमपुरुषी, जणू झोपलेला माणूस स्वतःच बोलतोय. इथे आवाज संगीताखाली नसून झोपेखाली दडलेला आहे, एवढाच काय तो फरक. झोपेचा पडदा काढून बेकरने संगीताचा घातला, असं मी मानतो.

सॅलिगरच्या मागे उभा दिसतो एमिल कुए, फ्रान्समधल्या नान्सीचा औषधविक्या. रोज आपण सर्व बाजूंनी बरे होत आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य त्याने लोकांना दिलं. झोपण्याआधी ते पुटपुटायचं, 20 वेळा. मोजदादीसाठी 20 गाठींची दोरी. कुए 1926 साली गेला आणि पुढच्याच वर्षी सायको-फोन आला. दोरीची जागा घड्याळाने घेतली आणि ओठांची जागा सुईने.

गाठींची दोरी म्हटल्यावर आपल्याकडे कोणाला जपमाळ आठवेल आणि उपांशु जप हाच या ट्रॅकचा पूर्वज, असा दावा येईल. मनुस्मृतीने उपांशु जपाला विधियज्ञाच्या शंभरपट मानलं आहे, दुसऱ्याला ऐकू न येणारा तो जप आहे, हे सगळं खरं. तरीही मला तो दावा मान्य नाही. उपांशु जपात जपणाऱ्याचे ओठ हलत असतात; कान बेसावध ठेवून काही आत सरकवणं त्या साधनेत बसतच नाही.

आता या वंशातला विचित्र दुवा, एमपी3. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत हे तंत्र आकाराला आलं ते ‘मास्किंग’ या तत्त्वावर : मोठ्या आवाजाने झाकलेला, त्याच्या जवळच्याच कंपनसंख्येचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, मग त्यावर जागा कशाला खर्च करायची? सब्लिमिनल ट्रॅक करणारा माणूस नेमका तोच झाकलेला आवाज जपून ठेवायला बघतो. संगीत आणि कुजबुज एकजीव केली, फाइल दाबून लहान केली, की यंत्राची कात्री सर्वांत आधी आपल्या ‘मी’वरच चालते. काटेकोर माणसाने आवाज न कापणारी वेव्ह किंवा फ्लॅक फाइलच ठेवावी.

अर्थात शब्द शाबूत राहिले म्हणून परिणाम होतोच असं नाही. 1991 साली मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्तीच्या आणि आत्मसन्मानाच्या सब्लिमिनल टेपांवरच्या चिठ्ठ्यांची काही जणांसाठी अदलाबदल केली. महिन्याभराने चिठ्ठीवर जे लिहिलं होतं तेच सुधारलं असं बऱ्याच जणांना वाटलं. मोजणीत तसं काही निघालं नाही.

माझ्या उपपत्तीवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा, की पुष्कळ जण ‘मी’बरोबर ‘तू’चीही वाक्यं घालतात : तू शांत आहेस, तुला जमतं. हा द्वितीयपुरुष मला संमोहनाच्या खुर्चीतून आलेला दिसतो. नान्सीत ऑगस्त लिएबो हा वैद्य रुग्णाला झोपाळवून सांगायचा की तुझं दुखणं जात आहे. 1880च्या दशकात त्याचं काम बघायला जो औषधविक्या आला होता, तो एमिल कुए. पुढे ते वाक्य त्याने वैद्याच्या तोंडून काढून रुग्णाच्या तोंडी दिलं.