हंटिंग्डनची जोडी

जुना प्रीअ‍ॅम्प एका घराण्यातला, पॉवर अ‍ॅम्प दुसऱ्याच घराण्यातला, आणि पत्रिका न बघता लग्न लावून मोकळे! मग सेट माझ्या टेबलावर येतो. "काका, हम का येतोय?" "काका, खर्ज कुठे गेला?" याचं उत्तर निम्म्या वेळा इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावात सापडतं.

पीटर वॉकर यांनी 1936 साली लंडनमध्ये छोटी कंपनी काढली. महायुद्धात बॉम्बहल्ल्यात जागा गेली आणि बिऱ्हाड हंटिंग्डनला हललं. तिथून निघालेल्या यंत्रांचं 'क्वाड' हे नाव पुढे कंपनीच्या मूळ नावापेक्षा मोठं झालं. 1953चा क्वाड टू अ‍ॅम्प म्हणजे केटी-66 व्हॉल्व्हची जोडी आणि पंधरा वॅट. आजच्या हिशेबात किरकोळ, पण कान असेल तर पुरेसा.

मुळात प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प असे दोन डबे केले कशाला? रेकॉर्डवरच्या सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. शेजारी जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसला की त्याची गुणगुण त्यात शिरते. शिवाय व्हॉल्व्ह तापतात. म्हणून तापट आणि वजनदार भाग कपाटाच्या तळाशी, आणि बटणं हाताशी. त्या बटणांनाही काम होतं. 1954 साली सगळ्यांसाठी एकच अशी रिआची (RIAA) कर्व्ह येईपर्यंत रेकॉर्ड कंपन्यांची रेकॉर्डिंगची तऱ्हा एकसारखी नव्हती. ती बटणांनीच जुळवून घ्यावी लागे.

स्टीरिओ आल्यावर 1959 मध्ये क्वाड 22 निघाला. त्याच्या मागची बाजू एकदा निरखून पाहा. या प्रीअ‍ॅम्पला स्वतःचा पॉवर सप्लायच नाही. फिलामेंटची वीज आणि तीनशेहून जास्त व्होल्टचा डीसी, दोन्ही क्वाड टूकडून एका बहुपिनी केबलमधून येतात. म्हणजे गिऱ्हाइकाने जोडी जुळवायचीच नव्हती, ती कारखान्यातच जुळलेली होती. आज कुणी नुसता 22 आणतो आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जोडायला सांगतो, तेव्हा आधी वेगळा पॉवर सप्लाय बांधावा लागतो. हे ऐकलं की बरेच जण डबा उचलून घरी जातात.

1967चा ट्रान्झिस्टरचा 33 प्रीअ‍ॅम्प मात्र स्वतःच्या पायावर उभा होता. त्याच्या जोडीचा 303 पॉवर अ‍ॅम्प पंचेचाळीस वॅटचा, अर्ध्या व्होल्टवर पूर्ण जोर देणारा. 1975 मध्ये शंभर वॅटचा 405 आला, आणि त्यालाही अर्धा व्होल्टच पुरे. माझ्या मते वॉकर यांचं मोठेपण इथे आहे: 303 विकून 405 घेणाऱ्याला 33 बदलावा लागला नाही. याउलट क्वाड टूला 1.4 व्होल्ट लागतात, त्यामुळे 33 त्याच्यापुढे ठेवला की आवाज दबलेला वाटतो. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो आणि 33च्या रेडिओच्या इनपुटला शंभर मिलिव्होल्ट हवे असतात. नॉब जरा फिरवला की शेजारी दार ठोठावतात.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डायनाकोची गोष्ट वेगळी. त्यांचा पीएएस प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, पण सप्लाय स्वतःचा. त्यांच्याच स्टीरिओ 70 पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट काही लाख ओहमचा, तिथे तो खुलतो. तोच पीएएस वीस हजार ओहमच्या 405ला लावा: आउटपुटच्या कपॅसिटरपुढचा भार वाढतो आणि तबल्याचा डग्गा पातळ होतो. दोष कुणाचाच नाही, दोघे एकमेकांसाठी बनलेलेच नव्हते.

तेव्हा जुना सेट घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रीअ‍ॅम्पला वीज कुठून मिळते, अ‍ॅम्पला किती व्होल्ट लागतात आणि त्याचा इनपुट किती ओहमचा आहे. आणि 22ची केबल बाहेर काढायची असेल, तर सेट बंद करून कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा, मगच पिनांजवळ हात न्या.