शार हारहामीम सिनेगॉग, मुंबई

मुंबईतील सर्वांत जुने सिनेगॉग. मांडवी भागातील सॅम्युएल स्ट्रीटवरील हे प्रार्थनामंदिर कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे असून त्याची स्थापना १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी केली. कंपनी सरकारच्या फौजेतील हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. सुटका झाल्यास सिनेगॉग बांधीन हा नवस त्यांनी फेडला, अशी समाजातील परंपरा. सध्याची वास्तू १८६० ची. लोकांत ती ‘जुनी मशीद’ म्हणूनच परिचित, आणि जवळच्या मस्जिद स्थानकाचे नावही तिच्यावरूनच पडल्याचे सांगतात.

शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर ही आडनावे गावांवरून आली. प्रार्थना हिब्रू, घरची बोली मात्र अस्सल मराठी. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होत. लग्नकार्य, बारसे किंवा नवस फेडताना मलिद्याचे ताट मांडतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे. हा विधी प्रेषित एलियाच्या नावाने होतो. जगातील अन्य यहुद्यांत तो आढळत नाही, म्हणून समाजाची खरी ओळख सिनेगॉगपेक्षा या ताटातच अधिक दिसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुंबईचे एकेकाळचे महापौर डॉ. एलिजा मोझेस याच समाजातील. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.