कृष्णाखोऱ्यातील अस्थियुक्त गाळथर

कृष्णाखोऱ्यातील अस्थियुक्त गाळथर : कृष्णा आणि तिच्या घटप्रभा, मलप्रभा, भीमा इत्यादी उपनद्या यांच्या काठच्या दरडींत उघडे पडलेले गोटे, वाळू व चिकणमाती यांचे थर. काल चतुर्थक, म्हणजे स्थूलमानाने गेली २५ लाख वर्षे. त्यांत क्वचित लुप्त सस्तन प्राण्यांच्या अश्मीभूत अस्थी व त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात आदिमानवाची दगडी हत्यारे आढळतात. सातारा व सांगली हे जिल्हे या खोऱ्याच्या शिरोभागी असून अस्थींचे जे स्थळ ग्रंथांतून वारंवार उल्लेखिले जाते, ते मात्र त्यांच्या दक्षिणेस, जुन्या मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात, गोकाकनजीक आहे.

भूरचना : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा कातळ हा या मुलखाचा पाया होय; आणि तप्त लाव्ह्यात जीवावशेष टिकणे शक्य नसल्यामुळे, दोन लाव्हाप्रवाहांच्या विरामकाळात तळ्याकाठी साचलेला गाळ जेथे सापडला, उदाहरणार्थ मुंबईस, जेथील चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये केले, किंवा नागपूरजवळ टाकळीस, तेथेच या कातळाच्या पोटात जीवाश्म हाती लागले आहेत. सह्याद्रीच्या ऐन कड्यात ते धुंडाळणाऱ्याने फारशी आशा धरू नये. जे शोधावयाचे ते नदीने स्वतः आणून टाकलेल्या गाळात.

हा गाळही सर्वत्र सारखा नाही. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाईपर्यंत अरुंद दरीतून, बहुतांशी उघड्या कातळावरून, उतरते. माहुलीस वेण्णा व कऱ्हाडास कोयना मिळाल्यावर खोरे रुंदावते. आणि हरिपुरास वारणा सामील झाल्यानंतर काळ्या मातीच्या उंच दरडी लागतात. पावसाची तफावतही ध्यानात घेण्यासारखी आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, जत या तालुक्यांत तो ६०० मिमी.हूनही कमी. अतिपर्जन्याच्या पट्ट्यात मातीतील चुना धुपून जातो, अवर्षणाच्या पट्ट्यात तो जागीच साकळून कंकर होतो, आणि गोट्यांना एकमेकांशी सांधून टाकतो. हाडातील सेंद्रिय द्रव्य नष्ट झाल्यावर त्याची जागा घेण्यास असा चुना उपलब्ध असला, तरच हाड टिकते. म्हणूनच अस्थी खोऱ्याच्या कोरड्या, पूर्वेकडील भागात मिळण्याचा संभव अधिक. (कंकराचे लांबट गोळे हाडांसारखे दिसतात आणि त्यांनी अनेकांस फसविले आहे. मोडलेल्या टोकाशी जाळीदार रचना दिसते की नाही, हे पाहावे.)

चिकदौली : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट (१८३४–१९१२), ज्यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातील पहिले पुराणाश्मयुगीन हत्यार ओळखले, त्यांच्याकडे पुढे दक्षिण मराठा मुलखाची भूवैज्ञानिक पाहणी आली. इंग्रजी जिल्हे आणि सांगली, मिरज, जमखिंडी ही पटवर्धनी व मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान यांच्या सरहद्दी तेथे परस्परांत अशा गुंतलेल्या होत्या, की खडकांची सीमा नकाशावर आखणे हे राज्यांची सीमा आखण्याहून सोपे गेले असावे. या पाहणीत गोकाकच्या ईशान्य-पूर्वेस सुमारे तीन मैलांवर, घटप्रभेच्या खोऱ्यातील मौजे चिकदौली येथे, एका ओढ्याच्या काठच्या चिकणमातीत फूट यांस गेंड्याचे अवशेष मिळाले. दातांच्या घडणीवरून तो ज्ञात जातींहून निराळा ठरवून त्यांनी त्यास ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ हे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्याचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. संपूर्ण मुलखावरील त्यांचा वृत्तांत १८७६ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आला. या गेंड्याचे अन्य जातींशी नाते काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु आज जेथे ज्वारी पिकते, तेथे एके काळी गेंड्यास पुरेल असे गवत व पाणथळ होते, एवढे अनुमान निर्वेध दिसते.

तुलनेसाठी गोदावरीखोऱ्याकडे पाहिल्यास तेथील संपदा ठळकपणे अधिक आहे. पैठणजवळ मुंगी येथील अस्थियुक्त गोट्यांच्या थरात भूवैज्ञानिक वाइन यांस मिळालेल्या अकीकाच्या छिलक्याची वार्ता १८६८ मध्ये छापली गेली; नांदूर मधमेश्वरच्या हत्तीविषयी भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले; आणि प्रवरेकाठच्या नेवाशाचे अस्थी व हत्यारे हे दोन्ही पुरावे ह. धी. सांकळिया यांनी १९५६ मध्ये एकत्र मांडले.

हत्यारे : पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या बाजूस अधिक लक्ष पुरविले. रा. वि. जोशी यांचा मलप्रभाखोऱ्यावरील ग्रंथ १९५५ चा, तर रा. श्री. पप्पू यांचा ऊर्ध्व कृष्णाखोऱ्यावरील १९७४ चा. सांगलीच्या खाली, वीरभद्राच्या देवस्थानामुळे परिचित असलेल्या येडूरच्या परिसरातील येडूरवाडी येथे अश्यूली, म्हणजे पुराणाश्मयुगातील हातकुऱ्हाडींच्या, परंपरेची हत्यारे गोट्यांच्या थरात मिळतात. त्या थरातील चुन्याच्या थोरियम-युरेनियम मापनावरून त्याचे वय ३,५०,००० वर्षांपलीकडे जाते. ही पद्धती त्याहून मागे नेमके मोजू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

बोरी : भीमेच्या उपखोऱ्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर व त्याच्या सान्निध्यात अश्यूली हत्यारे आहेत. राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची, येथवर बहुतेकांचे एकमत. परंतु कोणत्या उद्रेकाची, यावर नाही. १९८९ मध्ये तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, १९९५ मध्ये ६.७ लाख, आणि त्याच वर्षी काचकणांच्या रासायनिक घटनेवरून दुसऱ्या संशोधकांनी ती अवघ्या ७५,००० वर्षांपूर्वीच्या अखेरच्या महाउद्रेकाची ठरविली. राख मूळ जागीच पडली की पुराने वाहून आणून पुन्हा निक्षेपिली, या प्रश्नावर निकाल अवलंबून आहे.

वनस्पती-अवशेष : तुरळक.

सांप्रत स्थिती : वाळूचा उपसा व वीटभट्ट्यांसाठी होणारे मातीचे उत्खनन यांमुळे काठ झपाट्याने ढासळतात, नवे छेद उघडतात, तितकेच जुने नाहीसे होतात. भरीस भर म्हणजे काळी चिकणमाती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उघडे पडलेले हाड एकदोन वर्षांतच चुरा होऊन जाते. दरडींचे निरीक्षण पूर ओसरल्यावर, कार्तिकापासून वैशाखापर्यंत, पाणी तळाशी गेलेले असताना करावे.