राजवाड्यातलं वरकाम



आज आपल्याला जायचं आहे बँकॉकच्या राजवाड्यात, तेही दीडशे वर्षांहून मागे. पण ही गोष्ट सुरू होते आपल्या नगरमध्ये.

1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अ‍ॅना एडवर्ड्स नावाची मुलगी जन्मली. वडील कंपनी सरकारच्या लष्करात सार्जंट. ते तिच्या जन्माआधीच वारले आणि आईने दुसरं लग्न केलं. अ‍ॅनाची आजी बहुधा इथलीच, हिंदुस्थानी किंवा मिश्र वंशाची बाई होती, असं अभ्यासक मानतात. 1849 साली अ‍ॅनाने पुण्यात थॉमस ओवेन्स या कारकुनाशी लग्न केलं. नवऱ्याच्या मागे ती ऑस्ट्रेलियाला गेली, मग मलायातल्या पेनांगला. चार मुलं झाली, त्यांतली दोन तान्हेपणीच गेली. 1859 साली पेनांगमध्ये नवराही गेला. सत्ताविशीतली विधवा, पदरात दोन मुलं, आणि हातात एकच विद्या, ती म्हणजे इंग्रजी.

तिने सिंगापूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, पण पैशाच्या बाजूने ती चालेना. याच सुमारास ती लोकांना सांगू लागली की आपला जन्म वेल्समधला, नवरा लष्करात मोठा अधिकारी होता. आडनाव ती लिऑनोवेन्स असं लावायची. खोटं का बोलली? जरा विचार करा. नगरला जन्मलेल्या, मिश्र वंशाच्या सार्जंटच्या मुलीला कोणी किती पगार दिला असता? इंग्रजी तेच, शिकवण्याचं कसब तेच. पण बाई थेट विलायतेची म्हटली की तिचा भाव वाढायचा. हे खोटं तिने मरेपर्यंत निभावलं. ते उघडं पडलं 1970 च्या दशकात.

आता सयामकडे वळू. सयाम म्हणजे आजचं थायलंड. तिथला राजा मोंगकुट साधा माणूस नव्हता. गादीवर येण्याआधी तो सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होता. त्याने लॅटिन आणि इंग्रजी शिकून घेतली होती. एका बाजूला ब्रह्मदेशात इंग्रज, दुसऱ्या बाजूला व्हिएतनामात फ्रेंच, आणि मधे त्याचं राज्य. गोऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलता आलं तर राज्य वाचेल, हे त्याने ओळखलं होतं. त्याला एकूण 82 मुलं झाली. त्यांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवायला त्याने आधी मिशनऱ्यांच्या बायका बोलावल्या, पण त्या धर्मही शिकवू लागल्या. म्हणून सिंगापूरच्या वकिलामार्फत त्याने अ‍ॅनाला बोलावणं धाडलं. इंग्रजी शिकवा, शास्त्र शिकवा, धर्मांतराचं मात्र काढू नका, असं बजावूनच. पगार ठरला महिना शंभर डॉलर आणि राजवाड्याजवळ राहायला घर. हे डॉलर म्हणजे त्या काळी तिकडे चालणारी चांदीची नाणी.

1862 च्या मार्चमध्ये अ‍ॅना पाच वर्षांच्या लुईसला घेऊन बँकॉकला उतरली. मुलीला तिने शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं, तिचा खर्च याच पगारातून निघायचा होता.

पहिला खटका उडाला घरावरून. ती लिहिते की आधी तिला मासळीबाजाराजवळचं एक घाणेरडं घर दाखवलं गेलं. तिने ते नाकारलं. बरंच भांडल्यावर नीट घर मिळालं.

शाळा सुरू झाली आणि हळूहळू दुसरंही काम येऊ लागलं. राजाची इंग्रजी पत्रं लिहायची, फ्रेंच पत्रं बघायची, भाषांतरं करायची, नकला करायच्या. हे दिवस नाजूक होते. 1863 साली फ्रेंचांनी कंबोडियावर आपलं संरक्षण लादलं, आणि कंबोडियावर सयामचाही हक्क होता. अशा वेळी परदेशी पत्रातला एखादा शब्द चुकला तर ते महागात पडणार. म्हणजे अ‍ॅना आता नुसती शिक्षिका नव्हती, राजाची चिटणीसही झाली होती. शाळा सुटली तरी तिची सुटका नसे. पगार मात्र तोच, शंभर डॉलर.

मैत्रिणींनो, आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वरकाम. भांडी आणि कपडे एवढ्याचे पैसे ठरलेले असतात, आणि मग रोज ऐकू येतं, "जाता जाता एवढा केर काढ ना," "जरा गहू निवडून दे." त्या 'जरा'चे पैसे कोणी धरत नाही. राजवाड्यातही तेच झालं.

तिच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. काम पसंत पडलं तर वर्षभराने पगार वाढवू, असा राजाने शब्द दिला होता. वर्ष उलटल्यावर तिने आठवण करून दिली, तेव्हा राजा चिडला. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही फार कटकट करता. रोज कुणा ना कुणा गरिबाची, गुलामाची फिर्याद घेऊन येता, आणि भाषांतरांसाठी तुमची गरज असल्यामुळे मी ती ऐकतो. मग त्या लोकांकडूनच पैसे का घेत नाही? एवढं करूनही तुम्ही गरीब राहिलात तर दोष तुमच्याच अकलेचा!

हे ऐकून आपल्याला राग येतो. पण राजाचं बोलणं त्याच्या दरबाराच्या रीतीला धरून होतं. त्या काळच्या सयाममध्ये बहुतेक अधिकाऱ्यांना आजच्यासारखा ठरलेला पगार नसे. काम घेऊन येणाऱ्याकडून, वसुलीतून जे मिळेल त्यावर ते जगत. ठरलेल्या पगाराची नोकरशाही तिथे पुढच्या राजाच्या काळात, 1890 च्या दशकात उभी राहिली. राजाच्या मते त्याची मर्जी हाच मोबदला, आणि त्या मर्जीचे पैसे करणं हे ज्याचं त्याचं काम. अ‍ॅनाला मात्र केलेल्या कामाचे पैसे हवे होते, आणि तेही काम करवून घेणाऱ्याकडून. फिर्याद घेऊन आलेल्या गुलाम बाईकडून ती कसे घेणार?

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. भाषांतरांसाठी तुमची गरज आहे, हे राजाने नाकारलं नाही. जास्तीच्या कामाची किंमत त्याला कळत होती. फक्त ते करारात नव्हतं.

अ‍ॅनाच्या पुस्तकांत पुष्कळ अतिशयोक्ती आहे. थायलंडमध्ये त्याचा राग आहे, आणि तिच्या गोष्टीवरून निघालेल्या 1956 च्या इंग्रजी सिनेमावर तिथे बंदी आली. तेव्हा हा संवाद अक्षरशः असाच झाला, असं मी म्हणणार नाही. पण नेमणूक शिकवण्याची आणि काम चिटणिशीचंही, याबद्दल फारसा वाद नाही.

सव्वापाच वर्षांनी, 1867 च्या जुलैमध्ये, तब्येत ढासळल्यावर ती रजेवर गेली. चांगल्या अटींवर परत यायची बोलणी चालू होती. तेवढ्यात, 1868 च्या ऑक्टोबरमध्ये, राजा वारला. गादीवर आला तिचा विद्यार्थी चुलालोंगकोर्न, वय वर्षं पंधरा. त्याने बाईंना जिव्हाळ्याचं पत्र लिहून आभार मानले, पण कामावर परत बोलावलं नाही.

पुढे ती अमेरिकेत आणि कॅनडात लेख, पुस्तकं, व्याख्यानं, शिकवणं यांवर जगली. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात 1887 साली तिने इतरांबरोबर कलाशाळा काढली. ती आजही विद्यापीठ म्हणून चालू आहे. 1915 साली माँट्रिअलला ती वारली.

त्यानंतर चार वर्षांनी, 1919 साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिला करार केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि जादा तासांना निदान सव्वापट मजुरी. पण तो होता कारखान्या-खाणींसारख्या उद्योगांसाठी. शाळा त्यात नव्हती. शिकवणं म्हणजे सेवा, आणि सेवेचे तास कोण मोजणार?

आज आपल्यातल्या कुणाची मुलगी, सून इंग्रजी शिकवायला परदेशी निघाली असेल, तर पगाराचा आकडा ऐकून थांबू नका. तिला चार गोष्टी विचारायला सांगा. आठवड्याला तास किती? वह्या तपासणं, पालकांच्या भेटी, शनिवारचे कार्यक्रम त्या तासांत धरले आहेत का? जादा तासाचा दर काय? आणि शाळेची पत्रं, भाषांतरं करायची असतील तर त्याचे वेगळे पैसे किती? उत्तरं नेमणूकपत्रात लिहून घ्यायची, आणि केलेले तास रोज आपल्या वहीत मांडायचे. अ‍ॅनाकडे होता तो राजाचा नुसता शब्द, आणि "काम पसंत पडलं तर" ही त्याची अट. काम पसंत पडलं की नाही, हे ठरवणारा राजाच होता.